ओळखी रग्गड, मित्र एकही नाही

"या वयात नवी मैत्री जुळते का हो?" साठी ओलांडलेले बरेच जण हे विचारतात. बायका पहिल्याच भेटीत विचारतात. पुरुष आधी बीपी, झोप, मुलाचा स्वभाव असं सगळं सांगून होईपर्यंत थांबतात.

एका काकांचं उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय 64, सरकारी नोकरीतून निवृत्त. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा पुण्यात. पहाटे कोल्हापुरात रंकाळा तलावावर फेरी ठरलेली. "पन्नास माणसं नमस्कार घालतात. पण चार दिवस गेलो नाही, तर एकाचा फोन येत नाही बघा."

काकांना गप्पा कमी पडत नव्हत्या. त्यांच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं, हे खरं दुखणं होतं. हास्यक्लबात एक माणूस कमी आला तरी हसायचं काही थांबत नाही. म्हणून जिथं खरोखर अडतं, अशी जागा शोधायची ठरली.

कळंब्याच्या बाजूला त्यांच्या भाच्याची मारवाडी घोडी आहे. तो आणि त्याचे तीन-चार सोबती एन्ड्युरन्सचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या दौडीचा सराव करतात. छोट्या स्पर्धा 40 किलोमीटरच्या, मोठ्या 160 पर्यंत. पल्ला टप्प्याटप्प्यानं कापायचा आणि प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोडा तपासतो. ठरलेल्या वेळेत, सहसा 15 मिनिटांत, हृदयाचे ठोके मिनिटाला 64 किंवा त्याखाली आले पाहिजेत. शिवाय घोडा दुडकी चालवून लंगडतो का, तेही पाहतात. यात नापास झाला की स्पर्धा तिथंच संपली, मग तो कितीही पुढे असो.

आणि ही 15 मिनिटं स्वाराची नसतात, खाली थांबलेल्या माणसांची असतात. काकांना तेच काम सुचवलं. घोड्यावर बसायचं नाव पहिले तीन महिने काढायचं नाही.

काम साधं वाटतं, पण चुकतं. घोडी आली की तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, सैल करून खोगीर उतरवायचं. मान, छाती आणि पायांच्या आतल्या बाजूला पाणी ओतायचं आणि लगेच पट्टीनं निथळून काढायचं, पुन्हा ओतायचं. एकदाच ओतून थांबलं तर ते पाणी अंगाच्या उष्णतेनं तापतं, घोडी लवकर निवत नाही. काका पहिल्या दिवशी हेच करत होते. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून 15 सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं. 16 आले तर जेमतेम काठावर. 15 येईपर्यंत थांबलेलं बरं. घाई करून पशुवैद्यापुढं नेलं आणि शेजारी कुणी बादली आपटली, की ठोके चढलेच. दमलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये, हा जुना समज इथं नडतो. पिऊ द्यायचं, आणि चालवत राहायचं. सुट्टीच्या दिवशी मात्र चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, कमी करायची. कामाशिवाय पूर्ण चंदी खाल्लेल्या घोड्याचे स्नायू दुसऱ्या दिवशी आखडू शकतात.

महिन्याभरात काकांची वही तयार झाली: तारीख, अंतर, ठोके, किती मिनिटांत उतरले. ही वही पोरांना हवी असायची. मैत्री तिथून सुरू झाली, नाश्त्याच्या मिसळीवरून नाही. (मिसळ होतीच, तो भाग वेगळा.)

पुढं काकांना बसायची हौस आली आणि सुनेनं हात जोडले. "मंगोल डर्बी नावाची हजार किलोमीटरची शर्यत 2019 साली सत्तर वर्षांच्या माणसानं जिंकली," हा काकांचा युक्तिवाद. खरं आहे, पण तो माणूस घोड्यांत मुरलेला होता. सुनेची भीती रास्त होती, म्हणून अटी घातल्या. आधी डॉक्टरांचा सल्ला आणि हाडांची घनता तपासणं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विषय बंद. हेल्मेट आणि टाचेचे बूट. चढायला ओटा, म्हणजे गुडघ्यावर आणि घोड्याच्या पाठीवर ताण येत नाही. पहिला महिना 20 मिनिटं, नुसतं चालीवर, दोरी दुसऱ्याच्या हातात. काका आज चालीवर तासभर बसतात. दुडकीत रिकिबीवर उठबस करताना गुडघा बोलतो, म्हणून दुडकी सोडून दिली. स्पर्धेत उतरायचं त्यांच्या मनातही नाही.

पावसाळ्यात काकांना ताप आला. त्या सकाळी सहालाच फोन वाजला. "काका, पाणी निथळायची पट्टी कुठं ठेवलीया? आणि वही?" तब्येत कशी आहे, ते पोरांनी नंतर विचारलं. हे सांगताना काका तक्रारीच्या सुरात बोलत होते, पण दोनदा सांगितलं.