कोंबडी चोच उघडून श्वास घेत असेल तर ते ऊन समजावे की आजार?

आपण लिहिले आहे की, घरामागच्या आठ गावरान कोंबड्यांपैकी एक तलंग (तरुण कोंबडी) दोन दिवसांपासून चोच उघडी ठेवून श्वास घेत आहे, घरची मंडळी ‘एप्रिलचे ऊन आहे, उतरेल’ म्हणत आहेत, आणि थांबावे की दुकानातून औषध आणावे हे आपल्याला ठरवता येत नाही. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि गेली नऊ वर्षे परसात दहा-बारा कोंबड्या पाळतो. मी पशुवैद्य नाही, तरीही माझे मत स्पष्ट आहे : थांबायचेच असेल तर फक्त आज रात्रीपर्यंत थांबा, आणि औषध स्वतःच्या मनाने आणू नका.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा धापा टाकून तोंडावाटे वाफ बाहेर सोडण्याखेरीज तिच्यापुढे फारसा मार्ग उरत नाही. मात्र ही उन्हाची धाप सहसा एकटीला लागत नाही. दुपारी कमी-अधिक प्रमाणात सगळ्याच कोंबड्या चोच उघडतात, पंख अंगापासून सुटे धरतात, गळ्याखालची कातडी थरथरत राहते, पण आवाज येत नाही आणि ऊन कलले की सारे थांबते. आजाराची धाप पहाटेच्या गारव्यातही चालू असते. कोंबडी मान पुढे ताणते, प्रत्येक श्वासागणिक तिची शेपटी वर-खाली होते, आणि तुऱ्याचा लाल रंग जांभळट होऊ लागला असेल तर तिला प्राणवायू पुरत नाही असे समजावे.

दिवसा हा फरक दिसतो, पण त्याची खात्री रात्री कानांनी होते. आमच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड बंद पडल्याशिवाय काहीच ऐकू येत नाही, म्हणून मी जेवणानंतर, सगळे शांत झाल्यावर, दिवा न लावता खुराड्याजवळ पाच मिनिटे उकिडवा बसतो. निरोगी कोंबड्यांचा श्वास ऐकूच येत नाही. ओलसर घरघर, बारीक शीळ किंवा मांजराच्या शिंकेसारखा तुटक आवाज आला, तर तो कोणत्या कोपऱ्यातून येतो ते ध्यानात ठेवावे आणि मग त्या कोंबडीला उचलून तिची पाठ कानाला लावावी. कोंबडीची फुफ्फुसे पाठीच्या बाजूला बरगड्यांना चिकटलेली असल्यामुळे घरघर तिथे चांगली ऐकू येते. त्याच वेळी बॅटरीच्या उजेडात चोच उघडून पाहावी. जिभेच्या मुळाशी जी उभी फट उघडझाप करताना दिसते ते श्वासनलिकेचे तोंड होय. तिथे पिवळसर साय धरल्यासारखा थर असेल तर तो कोंबड्यांच्या देवी रोगाचा असू शकतो. तो खरवडू नये, रक्त येते.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी स्वतः चार दिवस ‘ऊनच आहे’ म्हणत राहिलो. एका दुकानदाराने दिलेली पुडी पाण्यात कालवून पाजली. चौथ्या दिवशी विष्ठा हिरवी झाली, दोघींच्या माना वाकड्या झाल्या आणि अकरापैकी पाच कोंबड्या गेल्या. डॉक्टरांनी राणीखेत असल्याचे सांगितले. खेड्यातला ‘मानमोडी’ हा शब्द मला या रोगासाठी जास्त नेमका वाटतो. तो विषाणूचा रोग असल्याने पुडीतल्या प्रतिजैविकाचा त्यावर काही उपयोग नव्हता; उपाय आधीच, लसीच्या रूपाने व्हायला हवा होता.

घरघर बहुतेक रोगांत सारखी असली तरी सोबतची लक्षणे निराळी असतात. डोळ्यांत फेस आणि आठवडे रेंगाळणारी घरघर असेल तर बहुधा सीआरडी, म्हणजे श्वसनाचा जुनाट रोग, असतो. तो मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूमुळे होतो, आणि औषधाने बरी दिसणारी कोंबडीही पुढे वाहक राहते, म्हणून ती कोणाला विकू नये. चेहरा सुजून नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर कोरायझाची, म्हणजे कोंबड्यांच्या संसर्गजन्य सर्दीची, शंका घ्यावी. पिल्ले मुकाट्याने धापा टाकत मरू लागली तर बुरशी आलेला भुसा किंवा खाद्य तपासावे.

आज लगेच करण्यासारखे एवढेच आहे : त्या तलंगेला डालग्याखाली, सावलीत, वेगळ्या पाण्यासह ठेवा. आधी निरोगी कोंबड्यांचे काम उरका, तिच्याकडे शेवटी जा आणि हात धुवा. घशात पाणी किंवा काढा ओतू नका. धापणाऱ्या कोंबडीच्या श्वासनलिकेत तो सहज उतरतो. चोचीचे टोक पाण्यात बुडवले की ती स्वतः पिते. खुराड्यात तिच्या उंचीवर डोके नेऊन वास घ्या. आपले डोळे चुरचुरत असतील तर अमोनिया फार झाला आहे, आणि ओला भुसा काढून हवा खेळती केल्याशिवाय औषधही नीट लागू पडणार नाही. सकाळी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना घरघर होती का, विष्ठेचा रंग कोणता आणि शेवटची लस कधी दिली, हे सांगा. औषध सुरू झाल्यास अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही तेव्हाच विचारा.

एका-दोन दिवसांत अनेक कोंबड्या अचानक मेल्या, डोकी सुजली, तुरे निळे पडले, तर मात्र बर्ड फ्लूची शंका घ्या आणि दवाखान्यात कोंबडी घेऊन जाऊ नका; मेलेल्यांना हात न लावता पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच राज्यात, नवापूरला, आढळला होता.

लसीची अडचण आपल्यालाही येईल, कारण लासोटाची (राणीखेतवरच्या लसीची) कुपी शंभर किंवा अधिक कोंबड्यांची असते आणि एकदा कालवली की ती दोन तासांत संपवावी लागते. आम्ही गल्लीतली सहा घरे एकच कुपी बर्फातून आणतो आणि सकाळी उन्हाआधी दारोदार फिरून डोळ्यात एकेक थेंब टाकतो. आपली तलंग आजारी असेपर्यंत तिला लस देऊ नका. बाकी सात जणींचे काय करायचे, ते डॉक्टरांनी तिला तपासल्यावरच ठरवा.