गाडी बेळगावची, पासिंग ठाण्याचं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी घ्यायची आहे. मुलीला हवा तो रंग ठाण्यात कुठे तयार नाही, थांबावं लागेल म्हणतात. बेळगावात माझ्या मेहुण्याच्या ओळखीच्या शोरूममध्ये नेमकी तीच गाडी उभी आहे. एक्स-शोरूम किंमत १२ लाख. तिथला सेल्समन म्हणतो, "मेहुण्याच्या घराचा भाडेकरार करून टाका, केए-२२ नंबर घ्या, मग एनओसी म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र काढून गाडी ठाण्याला न्या." इकडे सोसायटीतले एक काका म्हणतात, बाहेरून गाडी आणली की जकात आणि एंट्री टॅक्स भरावाच लागतो. नक्की काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गाडी बेळगावातून खुशाल आणा. केए-२२ मात्र घेऊ नका आणि त्या भाडेकराराच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे गाडीची नोंदणी मालक राहतो किंवा गाडी नेहमी ठेवली जाते तिथे व्हायची असते. तुम्ही राहता कासारवडवलीत, गाडी उभी राहणार तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मग नंबर महाराष्ट्राचा. खोटी कागदपत्रं दाखवून नोंदणी केली तर ती रद्द होऊ शकते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९२-ब मध्ये त्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद आणि वर दंड आहे. सेल्समनला हे माहीत नसेल असं नाही. पण त्याला महिनाअखेरीचं टार्गेट दिसतं, आणि परराज्यात जाणाऱ्या गाडीचं टेम्पररी, म्हणजे तात्पुरती नोंदणी, काढणं त्याच्यासाठी नसती उठाठेव असते.

कायदा बाजूला ठेवून नुसता हिशेब करा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्याच्या पुढे १३ टक्के. तुमच्या गाडीचे झाले १,४४,०००. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के, म्हणजे २,०४,०००. उपकर दोन्हीकडे वेगळा. म्हणजे सेल्समनचं ऐकलंत तर आधी तिथे साठ हजार जास्त भरायचे, मग एनओसीच्या मागे लागायचं, इथे येऊन महाराष्ट्राचा कर पुन्हा भरायचा आणि कर्नाटकाकडे परताव्यासाठी अर्ज करून वाट पाहत बसायचं. बाहेरची गाडी स्वस्त पडते ही समजूत कुठून आली देव जाणे. जीएसटी देशभर एकच आहे. बिल मेहुण्याच्या नावावर करायचं कोणी सुचवलं तर तेही नको, कारण मग कागदावर तुम्ही कोऱ्या गाडीचे दुसरे मालक.

काकांना सांगा, जकात, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, मोटारींवरचा प्रवेश कर हे सगळं १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपलं. त्यांच्या काळी ते खरं होतं, नाक्यावर नव्या गाडीची पावती दाखवावी लागायची. तुमच्या बिलात एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, मात्र दिसेल, कारण किंमत १० लाखांच्या वर आहे. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

आता करायचं काय ते सांगते. शोरूमला सांगा, बिल माझ्या नावावर, ठाण्याच्या पत्त्यावर, आणि फक्त टेम्पररी नोंदणी करा, गाडी महाराष्ट्रात जाणार आहे. ही नोंदणी ऑनलाइन होते. त्यात गाडी कुठल्या राज्यात आणि कुठल्या आरटीओकडे जाणार तेही भरतात. तिथे महाराष्ट्र आणि ठाणे, म्हणजे एमएच-०४, आलंय का ते स्वतः स्क्रीनवर बघा. कायमचा कर बेळगावात भरायचा नाही. शोरूमच्या कोटेशनमध्ये 'रोड टॅक्स' म्हणून कर्नाटकाचा आकडा धरलेला असेल तर तो काढायला लावा.

माझी नोकरी आरटीओच्या खिडकीच्या आतल्या बाजूला गेली. बाहेरच्या राज्यातून आलेली फाइल कर किंवा फॉर्म कमी पडला म्हणून फारशी अडत नाही. ती अडते नावावर आणि चासी नंबरावर. तिकडे नाव लिहायची पद्धत वेगळी, आडनावाआधी दोन आद्याक्षरं टाकली की झालं. बिलावर 'एस. व्ही. पाटील' आणि आधारवर पूर्ण नाव असेल तर इथला कारकून तुम्हाला एस. व्ही. पाटील मानणार नाही, आणि त्याने मानूही नये. म्हणून बिल छापायच्या आधी आधार आणि पॅन पुढे ठेवा आणि नाव आधारवर आहे तसंच टाकायला सांगा. पत्ता इमारत आणि पिनकोडसकट.

चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणूनच ती वगळली आहेत. तरीही टायपिंग करणारा शून्याच्या जागी ओ दाबतो तो दाबतोच. बिल, फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे कंपनीचं रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र, विमा आणि टेम्पररी नोंदणी, हे पाचही कागद शोरूमच्या टेबलावर ओळीने मांडा. मेहुण्याला गाडीवरचा नंबर मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही प्रत्येक कागदावर बोट ठेवत जा. इंजिन नंबरचंही तसंच. चूक तिथे सापडली तर पाच मिनिटांत नवा कागद मिळतो. ठाण्यात सापडली तर पुन्हा बेळगाव, कारण दुरुस्ती ज्याने कागद दिला त्यानेच करायची असते. येताना शोरूमच्या ट्रेड सर्टिफिकेटची, म्हणजे विक्रेत्याला आरटीओने दिलेल्या दाखल्याची, प्रतही मागून घ्या, फाइलला लागू शकते.

विमा गाडी शोरूमबाहेर पडण्याआधीच सुरू झालेला हवा, आणि तोही ठाण्याच्या पत्त्यावर, कारण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता नोंदणी कुठे होणार यावरही ठरतो. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा आहे, तो टाळता येत नाही. टेम्पररी नंबराची पाटी पिवळी आणि अक्षरं लाल. तशी पाटी नीट बसवून घ्या. काचेवर कागद चिकटवून निपाणी, कोल्हापूर, सातारा करत यायचं धाडस करू नका. फास्टॅग चासी नंबरावर निघतो, कायमचा नंबर मिळाला की तो जोडून घ्यायचा.

ठाण्यात आल्यावर अर्ज फॉर्म २० चा. कर्ज असेल तर त्यावर बँकेची सही आणि शिक्का लागतो. ठाण्यातल्याच शोरूममधून गाडी घेतली असती तर हे सगळं विक्रेत्याने केलं असतं. कायद्याने अर्ज विक्रेत्याने करायचा तो गाडी त्याच्याच राज्यात नोंदणार असेल तेव्हा. तुमच्या बाबतीत अर्जदार तुम्ही. वेळ घ्या, फाइल द्या आणि गाडी निरीक्षकापुढे नेण्याची तयारी ठेवा. बाहेरच्या राज्यातून आलेल्या गाडीचा चासी नंबर प्रत्यक्ष पाहण्याकडे कार्यालयाचा कल असतो. नंबर कुठे कोरला आहे ते शोरूममध्येच विचारून ठेवा. काही गाड्यांत तो सीटखालच्या गालिच्याच्या कापाखाली असतो, आणि निरीक्षक उन्हात उभा असताना तो शोधत बसणं कुणालाच आवडत नाही.

कर सोडला तर मुख्य सरकारी फी फार नाही : नोंदणीचे ६००, स्मार्ट कार्डाचे २०० आणि कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर त्याचे १,५००. "बाहेरची गाडी आहे साहेब, खर्च जास्त येईल" असं एजंट म्हणाला तर त्याला हे आकडे ऐकवा. तरीही एजंट हवा असेल तर तुमची मर्जी, पण तो पैसे स्वतःच्या कष्टाचे घेतो, सरकारचे नाही, एवढं लक्षात असू द्या. टेम्पररीच्या कागदावर मुदत छापलेली असते, तिच्या आत अर्ज आत गेला पाहिजे. नोंदणीचा अर्जच न करणाऱ्याला त्याच कलम १९२-ब खाली वार्षिक कराच्या पाचपट किंवा आजीवन कराच्या एक तृतीयांश, यातली मोठी रक्कम दंड आहे. नंबर आला की हाय सिक्युरिटी पाटी तुमच्या गाडीच्या कंपनीच्या ठाण्यातल्या विक्रेत्याकडून बसवून घ्या.

प्रश्न : मी खारघरला राहते, खासगी कंपनीत आहे. कंपनीची कार्यालयं पाच राज्यांत आहेत. मला बीएच नंबर घेता येईल का? घ्यावा का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : घेता येईल. बीएच म्हणजे 'भारत' मालिकेचा नंबर, राज्य बदललं तरी तो बदलावा लागत नाही. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना सप्टेंबर २०२१ पासून ती सोय आहे. कंपनीकडून फॉर्म ६० चा दाखला आणा. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. दर १० लाखांच्या आत ८ टक्के, २० लाखांपर्यंत १० आणि पुढे १२ या हिशेबाने, डिझेलला दोन टक्के जास्त. बदलीची नोकरी असेल तर डोळे मिटून घ्या. पण तुम्ही खारघरमधून हलणारच नसाल तर मी आपला नेहमीचा एमएच-४६ घेईन. दर दोन वर्षांनी तारीख लक्षात ठेवायची, चुकली की दिवसाला १०० रुपये दंड, हा ताप कशाला?

प्रश्न : सुरतहून बदली होऊन नेरूळला आलो. गाडी गुजरातच्या नंबराची आहे. लगेच बदलायला हवा का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल तर नवा नंबर लागतो. बदलीचा आदेश गाडीत ठेवा, गाडी इथे कधी आली ते दाखवायला तो उपयोगी पडतो. सुरतच्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, इथे नव्या नंबरासाठी फॉर्म २७, महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाप्रमाणे, आणि गुजरातकडे परताव्याचा अर्ज. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी घ्या, आणि सुरतेतली जुनी ई-चलानं भरून टाका. ती थकलेली असली की एनओसी अडकते.