ती सुखी आहे असं त्याला वाटत होतं

“मॅडम, मी दारू पीत नाही, हात उचलत नाही, पगार घरात देतो. तरी हिचं तोंड कायम वाकडं. हिला नेमकं हवंय तरी काय?”

मी समुपदेशन करते. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हे गाऱ्हाणं आठवड्यातून एकदा तरी माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतं. सांगणारे बहुतेक वेळा खरोखरच सज्जन असतात, आणि पंचाईत तिथेच असते. नवरा दुष्ट असेल तर बायकोला आपलं दुःख निदान सांगता येतं. तो सज्जन असेल तर तिला शब्दच सापडत नाहीत. मग ती घुमी होते, टाकून बोलते, आणि सगळे मिळून तिला ‘अवघड’ ठरवून मोकळे होतात.

अशाच एका गृहस्थांबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पुस्तक मात्र तेच ठेवलं आहे. कारण ते पहिल्या दिवशी आले तेच पिशवीतून एक पुस्तक काढत. गुस्ताव्ह फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’. बायकोच्या उशाशी सापडलं होतं. आत एका ठिकाणी पेन्सिलीची रेघ होती. त्यांनी चार रात्री जागून, पोलिसांनी पंचनामा करावा तसं ते पुस्तक वाचून काढलं होतं.

“तुम्ही वाचलंय का हे?”

“वाचलंय,” मी म्हटलं. तीनदा वाचलंय हे सांगायचा मोह आवरला.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८५६ साली ही कादंबरी आधी एका नियतकालिकातून क्रमशः आली. नीतिमत्तेला धक्का देते म्हणून १८५७ मध्ये फ्लोबेरवर खटला झाला आणि त्यातून तो सुटलाही. गोष्ट नॉर्मंडीतल्या खेड्यांतली आहे. शार्ल हा तिथला साधा, मेहनती वैद्य. एमा ही शेतकऱ्याची मुलगी, कॉन्व्हेंटात शिकलेली, प्रेमकथा वाचून वाचून संसाराचं एक चित्र मनात रंगवून बसलेली. लग्न होतं आणि ते चित्र कुठेच दिसत नाही. पुढे दोन प्रेमप्रकरणं, नवऱ्यापासून लपवलेली उधारी, आठ हजार फ्रँकांची जप्तीची नोटीस, शेवटी विष. फ्रान्समध्ये १८१६ पासून घटस्फोट कायद्यानेच बंद होता, तो १८८४ मध्ये परत आला. म्हणजे एमाला सन्मानाने बाहेर पडायचं दारच नव्हतं, हे तिच्यावर चिडताना लक्षात ठेवलेलं बरं.

गृहस्थांची भीती सरळ होती. “मॅडम, हिच्या डोक्यात असलंच काही चालू असेल का?”

इथे माझी चूक झाली. मी त्यांना कादंबरी समजावून सांगायला लागले. एमाचा काळ, तिची घुसमट, सगळं अगदी रंगून. ते सभ्यपणे मान हलवत होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते. समोरच्याला ऐकून घ्यायचं ही माझी मूळ धारणा. उपदेश न करता ऐकून घ्या असं सांगणाऱ्या कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाला वाचून या कामात आलेली मी बाई, आणि व्याख्यान देत बसले. ती भेट वायाच गेली असं म्हणायला हवं.

पुढच्या वेळी मी फक्त एवढंच म्हटलं, “ती रेघ कुठे आहे ते दाखवा बरं.”

मला वाटलं होतं, एखाद्या प्रियकराच्या प्रसंगापाशी असेल. त्यांनाही तेच वाटलं असणार, म्हणून तर ते पुस्तक घेऊन आले होते. पण रेघ अगदी सुरुवातीला होती, पहिल्या भागात, नव्या संसाराच्या दिवसांत. शार्लचं बोलणं फुटपाथसारखं सपाट आहे असं फ्लोबेर सांगतो, त्याच्या जरा पुढे. तिथला आशय असा आहे: ती सुखी आहे असं त्याला वाटत होतं, आणि तिला त्याच्या त्या निवांत, बैठ्या समाधानाचा राग यायचा. इतकंच काय, ती त्याला जे सुख देत होती त्या सुखाचाही राग यायचा.

“बघा,” ते म्हणाले, “नवरा सुखात आहे म्हणून बायकोला राग! याला काय म्हणायचं?”

“शार्लला ती सुखी आहे असं कशावरून वाटलं?”

त्यांनी परत पान वाचलं. मागचं वाचलं, पुढचं वाचलं. बराच वेळ.

“तसं काही दिलेलं नाही. तो स्वतः सुखात होता, त्यावरूनच असेल.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी काही न बोलणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि ते मला आता बऱ्यापैकी जमतं.

मग ते स्वतःहून म्हणाले, “परवा भावाचा फोन होता. मी त्याला म्हटलं, आमचं मस्त चाललंय, काही टेन्शन नाही. ही शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती.”

“मग?”

“थांबली ती. उठून आत गेली. मला वाटलं, घड्या झाल्या असतील.”

“झाल्या होत्या?”

ते पुस्तकाच्या कोपऱ्याशी अंगठ्याने चाळा करत राहिले. “नाही. अर्धा ढीग तसाच होता. रात्री मीच उचलून ठेवला.” आणि जरा वेळाने, “म्हणजे मला तो ढीग दिसला होता, मॅडम.”

एवढंच. रडणं नाही, मोठा साक्षात्कार नाही. पण त्या वाक्याशी आमचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. ढीग त्यांना दिसला होता. ती अर्ध्यातून का उठली असेल हे मात्र मनात आलं नव्हतं. घरात गोष्टी दिसत नाहीत असं क्वचितच होतं. दिसतात, आणि आपण त्या उचलून जागेवर ठेवतो. चांगले नवरे तर फार नीट ठेवतात.

शार्लही असाच आहे. एमा आजारल्यासारखी वागू लागते तेव्हा तो तिला मन शांत करणारं व्हॅलेरियन हे मुळीचं औषध देतो, कापराच्या पाण्याने अंघोळ घालतो. फ्लोबेर पुढे लिहून जातो की जे जे करून बघितलं त्याने ती जास्तच चिडायची. मग तो तिला आपल्या जुन्या गुरूंकडे नेतो, ते हवापालट सांगतात, आणि हा माणूस चार वर्षांत जम बसू लागलेली प्रॅक्टिस सोडून तिच्यासाठी दुसऱ्या गावी जातो. किती मोठा त्याग! पुढे तर घोडेस्वारीने हिची तब्येत सुधारेल म्हणून तो स्वतः पत्र लिहून तिला त्या रोदोल्फबरोबर, म्हणजे तिच्या होऊ घातलेल्या प्रियकराबरोबर, पाठवतो. उपाय, उपाय आणि उपाय. “तू सुखी नव्हतीस का? माझं काही चुकलं का? मी तर करता येईल ते सगळं केलं,” हे तो विचारतो तेव्हा तिने आर्सेनिक खाल्लेलं असतं. ती त्याच्या केसांतून हात फिरवते आणि म्हणते, हो, खरंय, तू चांगला आहेस. मला कुणी विचारलं तर अख्ख्या कादंबरीत तिने त्याला दिलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर हेच. प्रश्नच उशिरा आला.

एमाच्या नावावरून फ्रेंचमध्ये एक शब्दही झाला आहे, ‘बोव्हारिझम’. ज्यूल द गोल्तिए नावाच्या विचारवंताने तो १८९२ मध्ये रूढ केला. आपण आहोत त्याहून निराळे आहोत अशी कल्पना करून घेण्याची वृत्ती, असा काहीसा अर्थ. शब्द चांगला आहे, पण मी तो कामात वापरत नाही. बायकोच्या स्वप्नाळूपणाला नाव मिळालं, नवऱ्याच्या गृहीत धरण्याला मिळालं नाही. आणि नाव मिळालं की माणसं विचारायचं थांबतात, हा माझा अनुभव आहे. ‘अवघड’ हेही तसंच एक नाव.

एमा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. घर तिने बुडवलं, मुलीकडे पाहिलं नाही. तुमच्या घरात लपवलेलं कर्ज असेल, मारहाण असेल, धमक्या असतील, तर ‘समजून घेणं’ हा पहिला उपाय नव्हे. तिथे आधी वकील, पोलीस, विश्वासातलं माणूस. झोप, भूक, आवड सगळंच दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं; आणि जीव नकोसा झाल्याचं ती बोलली तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत यातलं काहीच नसतं. तिथे असतो तो अर्धा राहिलेला ढीग.

अशा नवऱ्यांना मी एकच गोष्ट सुचवते. “काय झालंय तुला?” हे विचारणं काही दिवस बंद करा. त्या प्रश्नात निदान दडलेलं असतं, आणि ‘काही नाही’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याऐवजी आपलं गृहीत उघडं करून सांगा. मला असं वाटत होतं, मी कधी विचारलं नाही. एवढं बोलून गप्प बसा. लगेच फिरायला जाण्याचा बेत आखू नका. तो कापराच्या अंघोळीतला प्रकार झाला.

या गृहस्थांनी काय केलं? घरी जाऊन जेवताना घडाघडा म्हणून टाकलं, “तू सुखी आहेस असं मला वाटत होतं. मी कधी विचारलं नाही.” बायको म्हणाली, “हे कुणी शिकवलं तुम्हाला?” हे म्हणाले, “मॅडमनी.” ती हसली. ते मला हे अपयश म्हणून सांगत होते. मी म्हटलं, किती दिवसांनी हसल्या त्या? त्यांना आठवेना.

दोन आठवड्यांनी त्या स्वतः आल्या. बोलायला नव्हे, बघायला. मॅडम म्हणजे कोण हे बघायला. दोघं शेजारी बसले, मधे पर्स. पुस्तक टेबलावर होतं. बाईंनी ते ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“माझं वाचलंत तुम्ही?”

“रेघेबद्दल विचारायचं होतं,” ते म्हणाले. “माझ्यासाठी होती का ती?”

त्या बराच वेळ पर्सची चेन पुढेमागे करत राहिल्या. मग माझ्याकडे बघून बोलल्या, त्यांच्याकडे नाही. “नवरा चांगला आहे आणि त्याच्या समाधानाचाच राग येतो, हे मला कुणाला सांगता येत नव्हतं. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, सुख दुखतंय तुला. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी वाईट आहे. आणि हे कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं. म्हणून रेघ ओढली. यांच्यावर चिडून नाही ओढली. बरं वाटलं म्हणून ओढली.”

मी इतकी वर्षं हे पुस्तक जवळ बाळगते, पण त्या वाक्याने कुणाला बरं वाटू शकेल हे मला कधी सुचलं नव्हतं. मी ते कायम नवऱ्यावरचा आरोप म्हणूनच वाचत आले होते. आपण ऐकून घेणारे आहोत असा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला असा एखादा फटका अधूनमधून बसायला हवा.

ते गृहस्थ मात्र अजून आपल्या चार रात्रींतच अडकले होते. “पण पुढचं सगळं? ते रोदोल्फ, तो दुसरा, ते विष?”

“कोण रोदोल्फ?” बाई म्हणाल्या. “मुलगी लाडाने जवळ येते आणि ती तिला कोपराने ढकलते, गाल कापतो पोरीचा, तिथेच मी पुस्तक मिटलं. नाही आवडली मला ती बाई. पुढे काय होतं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

“सांगतो,” ते म्हणाले. पर्स उचलून त्यांनी टेबलावर ठेवली. “पण आधी तू सांग. तिथपर्यंत कशी वाटली होती तुला?”