काटा अडला म्हणून घाबरू नका

ताई, वजन कमी करण्याच्या स्लीव्ह ऑपरेशनला (यात जठराचा मोठा भाग काढून टाकतात) तीन आठवडे झाले आणि वजनाचा काटा हलेना, म्हणून धीर सोडू नका. ऑपरेशन फसलेलं नाही. पहिल्या दिवसांत शरीरातलं पाणी झपाट्याने उतरतं, मग दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात बहुतेकांचं वजन असंच अडतं आणि पुन्हा उतरू लागतं. पूर्ण परिणाम दिसायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. स्लीव्हनंतर सरासरी जादा वजनातलं निम्मं किंवा थोडं अधिक जातं. कॉलेजातलं वजन परत येईल, ही आशा मात्र धरू नका.

सध्या एवढंच सांभाळा:

- वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी.
- प्रथिनं आधी, दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम. नेमका आकडा तुमच्या आहारतज्ज्ञांचा.
- जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास थांबा. एरवी घोट घोट चालू ठेवा.
- व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर.

काटा हलावा म्हणून उपाशी राहणं ही सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक. दुसरी चूक तुलनेची: भुसावळच्या ओळखीतल्या बाईंचं किती उतरलं ते विचारूच नका. त्यांचं वय, सुरुवातीचं वजन, ऑपरेशन, सगळं वेगळं.

आपल्याकडे आग्रह फार. वरण-बट्टीच्या पंगतीत “एक घास तरी” म्हणतीलच, तेव्हा स्पष्ट नाही म्हणा. शेवभाजीची तर्री तर आत्ता अजिबात नको. भरीत-कळण्याच्या भाकरीचं नंतर बघू.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू शकतात, बहुतेकांचे परत येतात. पण सतत उलट्या झाल्या किंवा पाणीही पोटात ठरेना, तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा.