धाकटा भाऊ गांजा ओढतो, पोलिसांत सांगून धाक दाखवावा का?

ताई, तुम्ही निपाणीहून विचारलंय की भरतीची तयारी करणारा भाऊ गांजाच्या नादाला लागलाय, ठाण्यात सांगितलं तर भीतीनं सुटेल का.

नका सांगू. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ खाली नुसता गांजा ओढला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एकदा केस पडली की तारखा सुरू. मग बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीत कितीही जोरात धावू दे, पडताळणीत अडकायची भीती राहणारच. आणि व्यसन आहे तिथंच.

त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात गेला आणि उपचार पुरे केले, तर सेवनाचा किंवा अल्प माल सापडल्याचा खटला त्याच्यावर चालत नाही. हे कलम सीमाभागातल्या प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर कन्नड-मराठीत लावलं पाहिजे.

माझ्या मामेभावाला अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांची सवय लागली होती. धारवाडला डिमहान्स या मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्याच्या बाकावर त्याला सारख्या जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी. पाय ओढतात म्हणून मामी दाबत बसलेली. डॉक्टर कन्नडमधून विचारत होते, खानापूरकडची मामी गप्प. एका नर्सबाईंनी मराठीत विचारलं तेव्हा कुठं ती घडाघडा बोलली. औषधानं अंग सावरलं, पण गावी आल्यावर रोजची संध्याकाळ त्याला खायला उठायची. तालमीतली पोरं मग दिवेलागणीला घरी येऊन त्याला घेऊन जायची. मध्ये पुन्हा घसरला, तर त्यांनीच गाडी काढून धारवाड गाठलं.

पोर्तुगालनं २००१ पासून स्वतःपुरता अमली पदार्थ बाळगणं गुन्ह्यातून काढलं. असा माणूस कोर्टाऐवजी आरोग्य-समाजसेवेच्या जाणकारांच्या समितीपुढं जातो. आपलंही कलम २७ असंच बदलावं आणि चिकोडी, खानापूरच्या तालुका दवाखान्यांत मराठी बोलणारा समुपदेशक असावा. विकणाऱ्यांच्या मागं पोलीस खुशाल लागू देत.

गांजा सोडवायला मुख्य आधार समुपदेशनाचाच. भाऊ नशेत नसताना, सकाळी, चारचौघांत नको, एकट्याशी बोला. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फुकट. कोंडून मारझोड करणारं केंद्र कुणी सुचवलं तर तिथं पाऊलसुद्धा टाकू नका.