रिसीव्हरची व्हिडिओ चिप आणि हीट गन

प्रश्न: आमचा होम थिएटर रिसीव्हर नऊ वर्षांचा आहे. आधी चालू केल्यावर चित्र यायला अर्धा तास लागायचा, आता एचडीएमआयवरून चित्रही नाही नि आवाजही नाही, रेडिओ मात्र मस्त वाजतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात व्हिडिओ चिप गेली, बोर्ड मिळत नाही, भंगारात द्या. ओळखीतला एक मुलगा म्हणतो हीट गनने चिप तापवली की होईल चालू. करू का? – एक वाचक, सांगली

उत्तर: नका करू, निदान आत्ता तरी नाही. रेडिओ वाजतोय म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत आहे, मग भंगारात कशाला घालायचं? आणि तुमच्या पत्रातलं ते 'अर्धा तास' फार महत्त्वाचं आहे. थंड असताना बंद आणि गरम झाल्यावर चालू, असं असेल तर बहुतेक वेळा चिप नसते, तिच्या आजूबाजूचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे, आत द्रव असलेले भाग) सुकलेले असतात, चिप तापते आणि तिच्याच उष्णतेने हे बिचारे वर्षानुवर्षं भाजत राहतात, मग चिपला स्वच्छ व्होल्टेज मिळत नाही. कपॅसिटर वरून फुगलेलाच दिसेल असं नाही, ईएसआर मीटर (कपॅसिटर सुकलाय का ते दाखवणारं यंत्र) असलेल्या कारागिराकडून तपासून घ्या आणि बदलायचे तर १०५ डिग्रीपर्यंत टिकणारेच टाका. याउलट गरम झाल्यावर चित्र जात असतं तर मीही आधी चिपवरच संशय घेतला असता.

हीट गनचं म्हणाल तर, चिपखाली सोल्डरचे बारीक गोळे असतात, लेड-फ्री (शिसं नसलेलं) सोल्डर वितळायला साधारण २१७ डिग्री लागतात, अंदाजाने गरम केलं तर शेजारचा प्लास्टिकचा कनेक्टर आधी वितळतो, आणि कधी चालू झालंच तरी बऱ्याचदा थोड्या दिवसांत परत तेच. खरंच चिप गेली असेल तर ती काढून नवी बसवणारा, बीजीए मशीन (अशा गोळ्यांवर बसणाऱ्या चिपा काढायचं-बसवायचं यंत्र) असलेला माणूस गाठा, पण चिप खात्रीच्या दुकानातूनच घ्या, जुनी चिप घासून नवा नंबर छापलेला मालही बाजारात फिरतो.

तोवर प्लेअर थेट टीव्हीला लावा आणि टीव्हीची ऑप्टिकल केबल रिसीव्हरला द्या. टीव्ही पुढे पाठवत असेल तर डॉल्बी डिजिटल ५.१ (चहूबाजूंनी येणारा सराउंड आवाज) सुद्धा मिळेल. एआरसीच्या (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरला परत पाठवायच्या सोयीच्या) नादी लागू नका, ते त्याच बिघडलेल्या बोर्डातून जातं.