वाचकांचे प्रश्न : डायकॉन मुळा

प्रश्न : डायकॉन हा जपानी पांढरा मुळा चवीला सौम्य असतो, असं ऐकून आणला. किसला तर झणझणीत निघाला, शिजवला तर कडवट आणि कडेला चिवट. मुळाच खराब होता का?

उत्तर : मुळा चांगलाच असणार. डायकॉनची चव वरून खाली बदलत जाते. पाल्याजवळचा भाग सर्वांत गोड, तो कच्चा खावा. मधला भाग शिजवायला राखून ठेवा. निमुळत्या टोकाला तिखटपणा जास्त. ते मिसो सूपमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं जपानी सूप) किंवा लोणच्यात घाला.

हा झणका मुळ्यात आधीपासून नसतो. किसताना पेशी फुटतात, आतलं एन्झाइम गंधकयुक्त घटकांत मिसळतं आणि तिखटपणा तयार होतो. म्हणून किसताना जोर लावू नका, हलक्या हाताने गोल गोल फिरवत किसा. कीस चाळणीत निथळू द्या, मुठीत घट्ट पिळलात तर चोथा उरेल. आणि किसायचा तो अगदी वाढण्याआधी. ठेवून दिला की उग्र वास सुटतो.

आता चिवटपणा. मुळा आडवा कापून चकती नीट पाहा. सालीच्या आत एक गोल रेघ दिसते. तिच्या बाहेरचा भाग धाग्यांचा असतो, कितीही शिजवला तरी दाताखाली येतोच. साल त्या रेघेपर्यंत, सुमारे 3 मिमी जाड काढा. चकत्या 3 सेंमी जाड करा, कडा किंचित तासा म्हणजे उकळताना फुटत नाहीत. एका बाजूने अधिकच्या चिन्हासारखी अर्ध्या जाडीपर्यंत चीर द्या. तांदळाच्या थंड धुवणात घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवा. या धुवणाने कडवटपणा बराच उतरतो. काडी आरपार गेली की धुऊन कोंबूच्या (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या) पाण्यात ठेवा. सोया सॉस त्यानंतरच. मीठ आधी पडलं की चकती पाणी सोडून आकसते. त्याच पाण्यात निवू द्या, चव निवतानाच आत मुरते.

प्रश्न : कधी कधी आतून भुसभुशीत निघतो. घेताना कसं ओळखावं?

उत्तर : आकाराच्या मानाने हलका लागला तर घेऊ नका. पाला असेल तर देठाचा कापलेला भाग पाहा; तो पोकळ असेल तर मुळाही बहुधा तसाच. घरी आणल्यावर पाला लगेच कापून वेगळा ठेवा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढत राहतो. भुसभुशीत निघालाच, तर बारीक चिरून सूपमध्ये घाला.